शाळेचे सहजीवन आणि विद्यार्थी प्रतिनिधी

प्रस्तावना

सहावी ते आठवी या तीन इयत्तांना शिक्षण हक्क कायद्याच्या परिभाषेत उच्च प्राथमिक स्तर म्हणतात आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही याच तीन वर्षांना शालेय रचनेत एक वेगळा, मधला टप्पा म्हणून स्थान दिले आहे. अकरा ते चौदा वर्षांची जी मुले या टप्प्यावर असतात, त्यांच्या अभ्यासाविषयी, पाठ्यपुस्तकांविषयी आणि परीक्षांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हीच मुले शाळा नावाच्या ठिकाणी दिवसाचे सहा-सात तास एकत्र राहतात, एका पंगतीत जेवतात, एका नळावर पाणी पितात, भांडतात, मैत्री जोडतात आणि या सगळ्या व्यवहाराचे काही लिखित-अलिखित नियम पाळतात किंवा मोडतात, या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. या एकत्र राहण्याला येथे ‘शाळेचे सहजीवन’ असे म्हटले आहे, आणि त्या सहजीवनात आपल्या सोबत्यांच्या वतीने बोलण्याची, त्यांच्यासाठी काही कामे पाहण्याची जबाबदारी ज्या मुलावर किंवा मुलीवर येते त्याला किंवा तिला ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ असे. वर्गप्रमुख, मॉनिटर, शालेय मंत्रिमंडळातील मंत्री, मीना-राजू मंचाची सुगमकर्ती, शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलेले विद्यार्थी सदस्य हे सर्व या संज्ञेत सामावतात, मात्र त्यांचे अधिकार, त्यांची निवड आणि त्यांच्याकडून होणारी अपेक्षा यांत मोठे अंतर आहे. हे अंतर नीट समजून घेणे हाच प्रस्तुत ग्रंथाचा मुख्य उद्योग आहे.

या वयाचीच निवड का केली, याचे कारण मुलांच्या नैतिक विकासाच्या अभ्यासात सापडते. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी 1932 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या न्यायबुद्धीचा शोध घेताना गोट्यांच्या खेळापासून सुरुवात केली होती. लहान मुले खेळाचा नियम मोठ्यांकडून किंवा देवाकडून आलेला आणि म्हणून बदलता न येणारा मानतात, तर दहा-अकराच्या पुढे तोच नियम खेळणाऱ्यांनी आपसात ठरवलेला असतो, सर्वांची संमती असेल तर तो बदलता येतो आणि म्हणूनच तो पाळायचा असतो, ही जाणीव हळूहळू पक्की होते, असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्याकडच्या कोणत्याही अंगणात राज्य कोणावर येते यावरून जो वाद रंगतो तो ऐकणाऱ्यास या निरीक्षणाची सत्यता पटण्यासारखी आहे. नियम माणसांनी केलेला असतो हे ज्या वर्षांत समजू लागते, त्याच वर्षांत नियम करण्याच्या कामात थोडा वाटा मिळाला तर ती समज रुजते. तो मिळाला नाही तर मूल एकतर निमूट आज्ञापालन शिकते किंवा नजर चुकवून नियम मोडण्याचे कसब शिकते. नववी-दहावीत बोर्डाच्या परीक्षेचे सावट पडते आणि पहिली-दुसरीत आपल्या मनातले सोबत्यांच्या वतीने मांडणे मुलांना जड जाते. त्यामुळे मधली तीन-चार वर्षे या शिक्षणासाठी जितकी अनुकूल आहेत तितकी दुसरी कोणतीही नाहीत.

आपल्या शाळांतील सर्वांत जुना आणि सर्वांत परिचित प्रतिनिधी म्हणजे मॉनिटर. परंतु ऐतिहासिक दृष्टीने पाहिले तर तो प्रतिनिधी म्हणून जन्मालाच आलेला नाही. मद्रासजवळच्या एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वरच्या मुलांकडून खालच्या मुलांना शिकवून घेण्याची पद्धत बसवली आणि 1797 मध्ये तिचा वृत्तांत इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. मलबारी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवत एकमेकांना शिकवीत असलेली पाहून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते, म्हणजे तिचे मूळ एतद्देशीयच होते. जोसेफ लँकेस्टर यांनी याच सुमारास लंडनमध्ये अशीच व्यवस्था उभी केली आणि 1820 नंतरच्या दशकात मुंबईतील नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळांमधून ती या इलाख्यात आली. थोड्या पगारी शिक्षकांत पुष्कळ मुले सांभाळण्याचा हा मार्ग होता, आणि त्यात मॉनिटर हा शिक्षकाचा लांबवलेला हात होता: शिक्षकाने दिलेला पाठ पुढे देणारा, शिक्षकाच्या अनुपस्थितीत शांतता राखणारा, चुकणाऱ्याचे नाव वर कळवणारा. एकमेकांकडून शिकण्याचा अध्यापनाचा भाग पुढे गळून पडला, शांतता राखण्याचा आणि नाव कळवण्याचा भाग तेवढा उरला. आजही तास सुरू होण्यापूर्वी फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणारी मुले’ असे लिहून त्याखाली नावे मांडणारा वर्गप्रमुख दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यवस्थेचा वारसा चालवीत असतो. त्याला अधिकार शिक्षकाकडून मिळालेला असतो, तो उत्तरदायी शिक्षकालाच असतो आणि ज्यांच्यामध्ये तो बसतो त्यांचे म्हणणे शिक्षकापर्यंत नेण्याची अपेक्षा त्याच्याकडून सहसा केली जात नाही.

प्रतिनिधित्वाची दुसरी परंपरा महाराष्ट्रात वसतिगृहांतून आणि आश्रमांतून आली, आणि प्रस्तुत ग्रंथ तिलाच खरी पूर्वपरंपरा मानतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह उभे केले, ज्याचे 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले, तेथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत, एका पंक्तीस जेवत आणि घरची बहुतेक कामे स्वतःच करीत. ज्या काळात गावात एका पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हते त्या काळात स्वयंपाक, सफाई आणि शेतीकाम यांची वाटणी जात न पाहता होणे ही नागरिकत्वाची केवढी मोठी शाळा होती, याची कल्पना आज करणे अवघड आहे. अमळनेरला साने गुरुजी छात्रालय सांभाळत असताना ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित रोज काढीत. छात्रालयाच्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टी तेथे सर्वांसमोर लिखित रूपाने येत. एकत्र राहणाऱ्यांना आपल्या राहणीचे प्रतिबिंब रोज वाचायला मिळणे ही प्रतिनिधित्वाची पूर्वतयारीच म्हणावी लागेल, कारण जे सर्वांना ठाऊक आहे त्याविषयीच सर्वांच्या वतीने बोलता येते.

वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम आकाराला आली आणि सेवाग्राममध्ये आर्यनायकम दांपत्याच्या देखरेखीखाली जी शाळा चालली तीत आमसभा आणि मंत्रिमंडळ या दोन्ही गोष्टी रोजच्या कामाशी घट्ट बांधलेल्या होत्या. स्वयंपाकघर, सफाई, आरोग्य अशी खाती मुलांकडे असत. आहाराचे खाते पाहणाऱ्याला उपलब्ध पैशांत आणि उपलब्ध भाजीपाल्यात सर्वांना पुरेल आणि पोषक ठरेल असे जेवण बसवावे लागे आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर ठेवावा लागे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मंत्री हे पद कामातून निर्माण झाले होते. आधी काम होते, मग ते वाटून घ्यायची गरज, मग वाटणी करणारी सभा आणि शेवटी पदाचे नाव. आजच्या अनेक शाळांत हा क्रम नेमका उलटला आहे, आणि पुढे ज्या उणिवांची चर्चा येणार आहे त्यांतील बऱ्याचशा या उलट्या क्रमातून आलेल्या आहेत.

याच सूत्राला तात्त्विक आधार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारात मिळतो. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ज्यांच्या हाताखाली अध्ययन केले त्या जॉन ड्यूई यांनी 1916 साली लोकशाही आणि शिक्षण यांच्या परस्परसंबंधावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धती नसून मुख्यतः सहजीवनाची, अनुभवांच्या देवाणघेवाणीची रीत आहे, हा त्यातला विचार आंबेडकरांनी 1936 च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या निबंधात भारतीय समाजाच्या संदर्भात मांडला. ज्या समाजात माणसे एकमेकांपासून कप्प्याकप्प्यांत तोडलेली आहेत तेथे मतपेटी आली तरी लोकशाही येत नाही, असा त्याचा रोख आहे. शाळेपुरता त्याचा अर्थ स्पष्ट आहे: वर्गात मागच्या बाकावर कोण बसते, पाण्याचा हंडा कोण उचलते, झाडलोटीची पाळी कोणावर अधिक वेळा येते आणि स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कोण करते, या प्रश्नांची उत्तरे जोपर्यंत घराण्यावर, जातीवर किंवा लिंगावर ठरतात तोपर्यंत वर्गप्रमुखाची निवडणूक गुप्त मतदानाने झाली काय किंवा हात वर करून झाली काय, सहजीवनात फरक पडत नाही.

भारताबाहेरील एका प्रयोगाचा येथे थोड्या विस्ताराने उल्लेख करणे आवश्यक आहे. पोलंडमधील वैद्य आणि लेखक यानुश कोर्चाक यांनी 1912 पासून वॉर्सा शहरात ज्यू अनाथ मुलांचे एक गृह चालवले. त्या गृहाचे मुलांनी चालवलेले न्यायालय हे प्रतिनिधित्वाच्या इतिहासातील अत्यंत विचारपूर्वक घडवलेले साधन आहे. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. तक्रार मुलावर करता येई तशी शिक्षकावरही करता येई, आणि स्वतः कोर्चाक यांनाही या न्यायालयापुढे यावे लागले होते. त्यांनी लिहिलेल्या संहितेची पहिली नव्याण्णव कलमे क्षमा करण्याच्या निरनिराळ्या कारणांची होती. मुलांच्या हाती न्याय दिला तर ती क्रूर होतील या सार्वत्रिक भीतीला दिलेले ते उत्तर होते: न्याय देताना आधी समजून घ्यायचे आणि शक्य तेथे माफ करायचे, हे संहितेनेच त्यांना शिकवले. जुलै 1942 मध्ये, म्हणजे ट्रेब्लिंकाच्या छावणीत या मुलांसह कोर्चाक यांची हत्या होण्याच्या काही आठवडे आधी, त्या गृहात रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक मुलांनी सादर केले होते. भारतातील वाचकाला हा धागा ठाऊक असावा, कारण मुलांना पूर्ण माणूस मानण्याची ही दृष्टी परकी नाही, हे त्यातून दिसते.

कायद्याने या दृष्टीला आता औपचारिक मान्यता दिलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारत 1992 साली तीत सहभागी झाला. तिच्या बाराव्या कलमाने स्वतःशी संबंधित सर्व बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क आणि त्या मताला वयानुसार व समजेनुसार योग्य वजन देण्याची मोठ्यांची जबाबदारी नोंदवली आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला आणि त्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती, म्हणजे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असलेली देखरेखीची समिती, बंधनकारक केली. या समितीवर मुलांना घेण्याची वाट केंद्राच्या आदर्श नियमांनी मोकळी ठेवली, आणि महाराष्ट्रात दोन विद्यार्थी, त्यांपैकी किमान एक मुलगी, असे समितीवर घेण्याची तरतूद झाली. गावातील सरपंचाच्या, पालकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या शेजारी सातवीतल्या मुलीची खुर्ची असणे ही आपल्या ग्रामीण जीवनातील लहान घटना नाही. मात्र ती खुर्ची प्रत्यक्षात किती वेळा भरली जाते, बैठकीची वेळ त्या मुलीच्या सोयीची असते का, कार्यवृत्तावर तिची सही घेतली जाते की तिचे म्हणणेही लिहून घेतले जाते, हे प्रश्न या तरतुदीचे खरे मोल ठरवतात.

शासन निर्णयांच्या बाहेर, शाळेच्या पटांगणात जे दिसते ते असे. जून-जुलैमध्ये शाळा सुरू होऊन स्थिरावली की अनेक जिल्हा परिषद शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. उमेदवारी अर्ज, माघारीची मुदत, प्रचार, मतदानकेंद्र, बोटाला शाई, अलीकडे मोबाईलवर चालणारे मतदानयंत्र आणि मतमोजणी असा सारा सोहळा उत्साहाने पार पडतो. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, सांस्कृतिक मंत्री, आहारमंत्री अशी खाती वाटली जातात आणि शपथविधी होतो. या उपक्रमाची किंमत कमी लेखू नये. मत गुप्त असते, हरणारा जिंकणाऱ्याचे अभिनंदन करतो, मतपत्रिका सर्वांसमोर मोजायच्या असतात, या गोष्टी हाताने करून शिकल्याने जशा कळतात तशा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाहीत, आणि ज्या शिक्षकांनी कसलेही अनुदान नसताना हे उपक्रम वर्षानुवर्षे टिकवले आहेत त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही शपथविधीनंतर काय, हा प्रश्न उरतो. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, जेथे मुलांचा केवळ वापर होतो, त्यांना सजावटीसारखे उभे केले जाते किंवा नावापुरते स्थान दिले जाते, त्यांना सहभाग मानण्यासच नकार दिला. ज्या मंत्रिमंडळाची ऑगस्टनंतर एकही बैठक होत नाही ते या शिडीवर कोठे बसते, हे वाचकाने स्वतः ठरवावे.

प्रतिनिधित्वाला जीव येतो तो मुलांना प्रत्यक्ष ठाऊक असलेल्या गोष्टींमुळे. शाळेविषयीचे काही ज्ञान केवळ मुलांपाशीच असते. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलासाठी रोज 150 ग्रॅम धान्य ठरलेले आहे, लहान वर्गांसाठी ते 100 ग्रॅम आहे. खिचडी सर्वांत शेवटी वाढून घेणाऱ्या मुलांना पुरेसे मिळते का, डाळ पातेल्याच्या तळाशी राहते का, हे चव नोंदवहीत लिहिणाऱ्या शिक्षकापेक्षा पंगतीच्या शेवटी बसणाऱ्या मुलाला अधिक नेमके ठाऊक असते. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, तेथे पाणी येते का, पाळीच्या दिवसांत मुली घरी का राहतात, शाळेच्या वाटेवर कोणत्या वळणावर कोण उभे राहून त्रास देते, कोणत्या मुलाला बाकीचे खेळात घेत नाहीत, पहिलीच्या वर्गातील कोणते मूल रोज डबा न आणता येते, या सर्व गोष्टी मुलांना कळतात आणि मोठ्यांपर्यंत पोहोचायला त्यांना वाट सापडत नाही. प्रतिनिधी ही ती वाट आहे. त्याने आणलेला प्रश्न सोडवता येईल किंवा येणार नाही, पण त्याचे उत्तर त्याच्याच हाती वर्गाकडे परत गेले पाहिजे: निधी नाही म्हणून पाण्याची टाकी यंदा होणार नाही, पुढच्या ग्रामसभेत विषय मांडला आहे, असे उत्तरही उत्तरच असते आणि मुले ते समजून घेतात. ज्या प्रतिनिधीला दोन-तीनदा रिकाम्या हाताने, काहीही न सांगता परत यावे लागते त्याचा वर्गातील मान जातो, आणि पुढे कोणी त्याच्याकडे काही सांगत नाही.

कर्नाटकातील कुंदापूर परिसरात केराडी गावच्या मुलांच्या पंचायतीने 1990 च्या दशकात ओढ्यांवरच्या साकवांचा प्रश्न मांडला तो याच प्रकारच्या ज्ञानातून. पावसाळ्यात शाळेला जाताना ओढा ओलांडावा लागतो आणि लहान मुलांचे पाय निसटतात, हे वाहनाने फिरणाऱ्या पुढाऱ्यांना जाणवणे शक्य नव्हते. मुलांनी ते मांडले आणि साकव झाले. त्या राज्यात पुढे मुलांच्या ग्रामसभांना शासनाचा आधारही मिळाला. राजस्थानात तिलोनिया येथील संस्थेच्या रात्रशाळांत, जेथे दिवसा शेळ्या राखणारी मुले-मुली रात्री शिकायला येतात, निवडून आलेली बालसंसद शाळांची तपासणी करते आणि शिक्षकांच्या हजेरीवरही लक्ष ठेवते. कोकणातील आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील वाड्या-पाड्यांची स्थिती केराडीहून फारशी निराळी नाही, म्हणून ही उदाहरणे महाराष्ट्राच्या संदर्भात बारकाईने अभ्यासण्याजोगी आहेत.

प्रतिनिधीचे काम आणि शिस्तीचे काम एकाच मुलाच्या गळ्यात घातल्याने होणारे नुकसान हा या ग्रंथातील बहुधा सर्वांत आग्रहाने मांडलेला मुद्दा आहे. नावे लिहिणारा मुलगा नावे वगळूही शकतो, आणि या सामर्थ्यातून चॉकलेट, गृहपाठाची वही, मैत्री आणि क्वचित धाकदपटशा यांचा एक छोटा बाजार वर्गात उभा राहतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे काही ठिकाणी मॉनिटरला उठाबशा काढायला लावण्याची किंवा पट्टी मारण्याची मुभा मिळते. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केलेली असताना शिक्षक जे स्वतः करू शकत नाही ते मुलाकडून करवून घेणे हे त्या मुलावरही अन्याय करणारे आहे. ज्याने काल नाव लिहून शिक्षा घडवली त्याच्यापाशी आज कोणी आपले दुःख सांगत नाही. म्हणून वर्गातील शांततेची पाळी रोज वेगवेगळ्या मुलाकडे जावी आणि प्रतिनिधीने त्या कामातून मुक्त असावे, अशी स्पष्ट शिफारस येथे केली आहे.

निवडीचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. पहिला क्रमांक येणाऱ्यालाच वर्गप्रमुख करण्याची रीत इतकी रुळली आहे की तिचे समर्थन करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचारानंतर महाराष्ट्राने 1994 च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकीऐवजी परीक्षेतील गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी घेण्याची पद्धत आणली आणि दोन दशकांहून अधिक काळ ती चालली. शाळेतील रीतीला या धोरणातून आणखी बळ मिळाले असल्यास नवल नाही. गुणांनी निवडलेला प्रतिनिधी हुशार असतो, पण तो मागच्या बाकाच्या अडचणींपासून सर्वांत दूरही असतो. उलट केवळ मतांनी निवड केली तर मोठ्या आवाजाची, मोठ्या घराची किंवा वर्गात बहुसंख्य असलेल्या वस्तीची मुले पुन्हा पुन्हा निवडून येतात. मुलींच्या बाबतीत तर खात्यांची वाटणीच पुष्कळ काही सांगून जाते: रांगोळी, स्वागत आणि स्वच्छता मुलींकडे, क्रीडा आणि मुख्यमंत्रिपद मुलांकडे. एका वर्गात एक मुलगा आणि एक मुलगी, मुदत एका सत्राची, एकदा काम केलेल्याने त्या वर्षी पुन्हा उभे न राहणे आणि काही जागा कोर्चाकच्या न्यायालयाप्रमाणे चिठ्ठी टाकून भरणे, असा मिश्र मार्ग लहान वर्गांना सहज पेलण्यासारखा आहे.

मुदतीचा विचार करताना स्थलांतराचाही विचार करावा लागतो. बीड, अहिल्यानगर, जालना यांसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांची मुले दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर कारखान्यांच्या भागात जातात किंवा गावातच हंगामी वसतिगृहाच्या व्यवस्थेत राहतात. जुलैत निवडलेला प्रतिनिधी नोव्हेंबरात फडावर असतो. अशा शाळांत स्थलांतरित मुलांना पदापासून दूर ठेवण्याचा कल दिसतो आणि त्यामुळे ज्यांचे प्रश्न सर्वांत तीव्र आहेत त्यांचाच आवाज नाहीसा होतो. सहा महिन्यांची मुदत आणि जोडीने काम करणारे दोन प्रतिनिधी एवढ्या साध्या बदलाने ही अडचण बरीचशी सुटते.

शाळेची रचनाही प्रतिनिधीचे स्थान ठरवते. जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवी किंवा आठवीच्या शाळेत सातवीची मुले सर्वांत थोरली असतात. धाकट्यांचे हात धुऊन घेणे, परिपाठ चालवणे, नव्याने आलेल्या पहिलीच्या मुलांना रडू न देणे ही कामे त्यांच्याकडे ओघाने येतात आणि त्यांचा शब्द चालतो. पाचवी ते दहावीच्या हायस्कुलात तीच मुले मधल्या मजल्यावर हरवलेली असतात. जनरल सेक्रेटरी दहावीचा, क्रीडाप्रमुख नववीचा, आणि सहावीच्या वर्गप्रमुखाचे काम खडू-डस्टर आणि हजेरीपत्रक यांपुरते. म्हणून अशा शाळांत सहावी-सातवी-आठवीची स्वतंत्र सभा असावी, असे येथे सुचवले आहे. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचा विचार याहूनही निराळा करावा लागतो, कारण तेथे शाळा चार-पाच वाजता सुटत नाही. आंघोळीचे पाणी, रात्रीचे जेवण, पांघरूण, ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात कोण नेणार, घरच्या आठवणीने पळून जाऊ पाहणाऱ्या मुलाला कोण समजावणार, शिक्षकांना न येणारी गोंडी किंवा कोरकू कोण समजावून सांगणार, या सर्वांचा भार नकळत सातवी-आठवीच्या मुलामुलींवर पडतो. ते काम करीतच असतात. त्यांच्या कामाला नाव, वेळ आणि अधिकार मात्र नसतो. आश्रमशाळेतील प्रतिनिधी हा या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

मुलांवर जबाबदारी टाकताना कोणती जबाबदारी टाकायची नाही, हेही ठरवावे लागते. शाळांतील लैंगिक अत्याचाराच्या घटनांनंतर तक्रारपेट्या आल्या, 2022 मध्ये महाराष्ट्रात सखी सावित्री समित्यांचा निर्णय झाला आणि विद्यार्थी प्रतिनिधींकडून सुरक्षिततेबाबत अपेक्षा वाढल्या. या अपेक्षांना मर्यादा हवी. 2012 च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने, अशा गुन्ह्याची माहिती न कळवणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे, पण त्या शिक्षेतून मुलांना वगळले आहे. कळवण्याचे ओझे मोठ्यांचे आहे, असा त्याचा अर्थ. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मनात घेऊन तेरा वर्षांच्या मुलीने एकटीने झुरावे, ही अवस्था कोणत्याही प्रतिनिधीवर येऊ नये. अशा वेळी नेमके कोणत्या बाईंकडे किंवा सरांकडे जायचे, त्या नसतील तर कोणाकडे आणि 1098 या बालसहाय्य क्रमांकावर काय सांगायचे, हे पद स्वीकारतानाच प्रत्येक प्रतिनिधीला शिकवले गेले पाहिजे.

शिक्षकाच्या भूमिकेविषयी स्वतंत्र प्रकरण पुढे आहेच. येथे एवढेच नोंदवणे पुरे की मुलांची सभा चालवण्यासाठी शिक्षकाने त्या सभेत बसावे पण अध्यक्षस्थानी बसू नये, आणि महिन्यातून एक तास वेळापत्रकात त्या सभेसाठी राखून ठेवावा. सहावी ते आठवीसाठी कायद्याने वर्षाला 1000 अध्यापन तास ठरवले आहेत. त्यांतील दहा तास मुलांच्या सभेला देणे कोणत्याही शाळेला अशक्य नाही.

प्रस्तुत ग्रंथाची व्याप्ती मर्यादित आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी संघटना, इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांतील ‘हाऊस’ पद्धती आणि राजकीय पक्षांशी जोडलेल्या विद्यार्थी चळवळी येथे विचारात घेतलेल्या नाहीत. भर आहे तो मराठी माध्यमाच्या, मुख्यतः सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या शाळांतील सहावी ते आठवीच्या मुलांवर. या अभ्यासाची सर्वांत मोठी अडचण साधनांची आहे. शालेय मंत्रिमंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त मुले साध्या दोनशे पानी वहीत लिहितात, वर्ष संपले की ती वही रद्दीत जाते किंवा तिच्या कोऱ्या पानांवर पुढच्या वर्षीचा हिशेब सुरू होतो, आणि मुलांनी काय मागितले, काय मिळाले, काय नाकारले गेले, याची एकमेव नोंद नष्ट होते. आठवीची मुले शाळा सोडून जाताना ही वही सातवीच्या नव्या प्रतिनिधींच्या हाती सर्वांसमोर दिली जावी आणि तिची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात हजेरीपत्रकांबरोबर जपली जावी. तसे झाले तर नव्या मंत्रिमंडळाची पहिली बैठक मागच्या वर्षी अपुऱ्या राहिलेल्या कामांपासून सुरू होईल, आणि पुढील संशोधकांनाही मुलांच्याच अक्षरांतील साधन हाताशी मिळेल.